ओठावरचा जर आणि आतला पहारा

पत्र थोडं आटोपशीर करून देते आहे.

“मॅडम, नमस्कार. माझं वय ३४, शाळेत शिकवते. कॉलेजात असल्यापासून वर्षातून तीन-चार वेळा ओठाच्या उजव्या कोपऱ्यात जर उठतो. जागा ठरलेली. आधी चुणचुण, मग पाण्याने भरलेल्या बारीक पुळ्या, मग खपली. आजवर त्याचं काही वाटलं नाही. गेल्या महिन्यात डॉक्टरांनी ‘हर्पीस’ हा शब्द उच्चारला आणि पोटात गोळा आला. रक्त तपासलं, आयजीजी पॉझिटिव्ह. डॉक्टर म्हणाले, हा विषाणू आता कायमचा अंगात राहणार. मग रक्तात प्रतिपिंडं असून उपयोग काय? माझी प्रतिकारशक्तीच कमजोर आहे का? दोन वर्षं प्रतिकारशक्ती वाढवणारी चूर्णं आणि गोळ्या घेतेय, काडीचा फरक नाही. नवऱ्याने एकदाच विचारलं, ‘हे आलं कुठून?’ आणि त्या रात्री मला झोप लागली नाही. बहिणीचं बाळ २० दिवसांचं आहे, मी अजून त्याला हातात घेतलेलं नाही. बाबांना गेल्या वर्षी कमरेला नागीण झाली, तीही हर्पीसच म्हणतात. आमच्या घराण्यातच काही दोष आहे का? नाव छापू नये.”

ताई, तुमच्या पत्रात प्रश्न पाच-सहा आहेत, पण सगळ्यांच्या तळाशी एकच गोष्ट खुपतेय, की आपल्यातच काहीतरी कमी आहे. तसं नाही. हे तुम्हाला धीर द्यायचा म्हणून म्हणत नाही, आणि तसं का नाही ते आज नीट उलगडून सांगणार आहे. पण आधी बाळाचं, कारण ते प्रश्नांची उत्तरं मिळेपर्यंत २० दिवसांचं राहणार नाही.

ओठ स्वच्छ आहे, चुणचुण नाही, अशा दिवशी साबणाने हात धुवा आणि बाळाला खुशाल मांडीवर घ्या. फक्त पापा घ्यायचा नाही, गालाचा नाही आणि हाताचाही नाही. ओठावर काहीच दिसत नसतानाही अधूनमधून थोडे विषाणू लाळेत उतरतात, आणि पहिल्या महिना-दीड महिन्यात बाळाची त्यांना अडवणारी यंत्रणा कच्ची असते. जो विषाणू तुम्हाला आठवडाभर ओठापुरता छळतो, तोच इतक्या लहान बाळाच्या यकृतापर्यंत, मेंदूपर्यंत पोचू शकतो. जर उठलेला असेल तर भेट सरळ पुढे ढकला. खपली पडून खाली कोरडी, नवी कातडी दिसेपर्यंत. हा नियम एकट्या तुमच्यासाठी नाही, बाळाला बघायला येणाऱ्या प्रत्येकासाठी आहे. बहिणीलाही सांगून ठेवा. बाळ अचानक मलूल झालं, दूध ओढेनासं झालं, ताप आला किंवा अंगावर पाण्याची पुळी दिसली, तर त्याच घटकेला डॉक्टरांकडे न्यायचं.

आता ‘हे आलं कुठून’. तोंडाभोवतीचा जर बहुतेक वेळा हर्पीस सिम्प्लेक्स विषाणूच्या पहिल्या प्रकाराने येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगातल्या ५० वर्षांखालच्या साधारण दोन तृतीयांश लोकांच्या अंगात तो आहे, म्हणजे ३७० कोटींहून अधिक माणसांच्या. त्यातल्या बहुतेकांना तो लहानपणीच लागलेला असतो, घरातल्या कुणीतरी मायेने घेतलेल्या पाप्यातून. पुष्कळांच्या ओठावर जन्मात काही उठत नाही, म्हणून त्यांना पत्ताच नसतो. तुमच्या यजमानांच्या अंगातही तो असण्याचीच शक्यता जास्त. विषाणूचा दुसरा प्रकार मुख्यतः जननेंद्रियांवर येतो आणि शारीरिक संबंधातून पसरतो. ‘हर्पीस’ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर तोच येतो आणि सगळी कुजबुज तिथून सुरू होते. खरं तर दोन्ही संसर्गच आहेत, आणि संसर्गावरून कुणाचं चारित्र्य ठरत नाही. आयजीजी हा प्रतिपिंडांचा, म्हणजे विषाणूला ओळखून पकडणाऱ्या प्रथिनांचा, एक प्रकार. तो पॉझिटिव्ह याचा अर्थ एवढाच, की या विषाणूची आणि तुमची कधीतरी गाठ पडली आहे.

घराण्याच्या दोषाचंही लगेच सांगून टाकते. माणसाला होणारे हर्पीस विषाणू ९ आहेत. ओठावरच्या जराचा एक, जननेंद्रियांवरचा एक, कांजिण्यांचा एक, शिवाय एप्स्टीन-बार, सायटोमेगॅलो आणि आणखी काही. बाबांची नागीण कांजिण्यांच्या विषाणूची. तो त्यांच्या अंगात लहानपणी शिरला असणार आणि इतकी वर्षं मणक्याजवळ बसून होता. तुमचा विषाणू निराळा, त्याचा चुलतभाऊ म्हणा. दोन्ही तुमच्या घरात असणं म्हणजे तुमचं घर चारचौघांच्या घरासारखंच असणं. आणि एक मौज सांगते. ‘हर्पीस’ हा शब्द ज्या ग्रीक क्रियापदावरून आला त्याचा अर्थ सरपटणं, आणि ते क्रियापद आणि संस्कृतातलं ‘सर्पति’ ही एकाच मुळाची. म्हणजे हर्पीस आणि सर्प हे शब्द सख्खे. आपण त्या आजाराला नागीण म्हणतो, तिकडे ग्रीक वैद्यांनाही कातडीवर सरपटणारं काहीतरीच दिसलं होतं.

आता मुख्य प्रश्न. प्रतिपिंडं आहेत, तरी विषाणू जात का नाही?

सूक्ष्मजीवशास्त्र विभागात नवी लागले तेव्हा आम्हाला एक जुनी तपासणी शिकवली होती. ताजी पुळी अलगद उघडायची, तिचा तळ हलक्या हाताने खरवडायचा, ते काचेवर पसरून जिम्सा रंग द्यायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरायचं. मला ती पहिली काच अजून आठवते. एका पेशीत एक केंद्रक असतं, हे शाळेपासून पाठ. इथे एकाच अवाढव्य पेशीत सात-आठ केंद्रकं होती, एकमेकांना दाबून, चेपून, मुठीत धरलेल्या वाटाण्यांसारखी बसलेली. विषाणूने शेजारशेजारच्या पेशींच्या भिंती विरघळवून त्यांची एक पेशी केली होती. तुमच्या प्रश्नाच्या उत्तराचा पहिला भाग त्या काचेवर होता. प्रतिपिंडं रक्तात आणि पेशींच्या मधल्या द्रवात फिरतात. हा विषाणू शक्य तितका त्या द्रवात उतरतच नाही. एका पेशीतून थेट शेजारच्या पेशीत, भिंतीला भिंत लागली आहे तिथूनच तो पलीकडे जातो.

आणि प्रतिपिंडाच्या तावडीत सापडलाच तर? प्रतिपिंडाला दोन हात असतात आणि एक शेपूट. हातांनी ते विषाणूला पकडतं आणि शेपटीच्या खुणेवरून मारेकरी पेशींना, आणि त्यांच्या मदतीला रक्तात फिरणाऱ्या पूरक प्रथिनांना बोलावणं जातं. तुमच्या विषाणूच्या कवचावर ग्लायकोप्रोटीन-ई आणि ग्लायकोप्रोटीन-आय अशी एक जोडी आहे, ती नेमकी ही शेपूटच पकडून ठेवते. प्रतिपिंडाने विषाणूला धरलंय, विषाणूने प्रतिपिंडाची शेपूट धरलीय, आणि बोलावणं जायचं ते जातच नाही. ग्लायकोप्रोटीन-सी नावाचं तिसरं प्रथिन पूरक प्रथिनांपैकी सी-३-बीला धरून बसवतं. म्हणून प्रतिपिंडं निरुपयोगी ठरतात का? नाही, ती पसरण्याचा वेग खूप कमी करतात. पण एकट्या त्यांच्या जोरावर हा विषाणू निपटत नाही.

खरी झटापट पेशीच्या आत होते. विषाणू कातडीच्या पेशीला चिकटतो, आपलं बाहेरचं आवरण तिच्या आवरणात मिसळून टाकतो, आणि आतली टणक डबी पेशीत उतरते. त्या डबीत त्याचा डीएनए, सुमारे १,५२,००० अक्षरांचा, इतका कोंबून भरलेला असतो की आतला दाब सुमारे २० वातावरणांइतका भरतो. मोटारीच्या टायरमधल्या हवेच्या जवळपास दसपट. पेशीत सूक्ष्मनलिकांचे रूळ असतात आणि त्यांवरून माल ओढणारं डायनीन नावाचं प्रथिन असतं. डबी त्याच्यावर स्वार होते आणि केंद्रकाच्या दाराशी येऊन टेकते. ती स्वतः आत जात नाही, तेवढी मोठी ती त्या दारातून मावणारच नाही. तिच्या एका कोपऱ्याचं झाकण उघडतं आणि आतला दाबच डीएनएला केंद्रकात लोटतो. रिकामी डबी दारावर तशीच राहते.

याच वेळी डबीभोवतीच्या थरातून आलेली प्रथिनं कामाला लागतात. त्यातलं एक पेशीच्या संदेशवाहक आरएनएचे, म्हणजे प्रथिन बनवायचा निरोप नेणाऱ्या रेणूंचे, तुकडे करतं, म्हणजे पेशीला धोक्याची खबर देणारी प्रथिनं बनवायलाच अडचण. केंद्रकात पेशीची स्वतःची पहारेकरी प्रथिनं असतात, ती परक्या डीएनएला घेरून गप्प करायला बघतात. विषाणूचं आयसीपी-० हे प्रथिन त्यांच्यावर नष्ट करण्याची खूण मारतं, आणि पेशीची स्वतःची कचरा-यंत्रणाच त्यांना मोडून टाकते.

तरीही पेशीकडे एक हुकमी उपाय उरतो, आणि मला तो शरीरातल्या सर्वांत सुंदर व्यवस्थांपैकी एक वाटतो. आपल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत जे काही प्रथिन बनतं, त्याचे बारीक तुकडे पेशी आपल्या पृष्ठभागावर मांडून ठेवते. मांडण्यासाठी एमएचसी नावाचे रेणू असतात. टी-पेशी, म्हणजे प्रतिकारयंत्रणेच्या गस्त घालणाऱ्या पांढऱ्या पेशी, दारोदार फिरत हे तुकडे चाचपतात. नेहमीचे असले तर पुढे जातात, परका तुकडा दिसला की त्या पेशीला तिथेच संपवतात. आता हे तुकडे एमएचसीवर चढतात आंतर्द्रव्यजालिकेत, म्हणजे पेशीच्या आतल्या पडद्यांच्या जाळ्यात, आणि तिथे पोचायला एकच अरुंद वाट आहे, टॅप नावाची. तुमच्या विषाणूचं आयसीपी-४७ हे प्रथिन अवघ्या ८८ अमिनो आम्लांचं, प्रथिनांच्या मानाने चिमुकलं. ते दुहेरी वळलेल्या केसाच्या पिनेसारखं त्या वाटेच्या तोंडात जाऊन अडकतं. बस्स, एवढंच. तुकडे आत जात नाहीत, एमएचसी रिकामे राहतात, दारावर काही मांडलं जात नाही आणि टी-पेशी समोरून निघून जाते. हे प्रथिन माणसाच्या टॅपमध्ये घट्ट बसतं, उंदराच्या टॅपमध्ये मात्र फार ढिलं. किल्ली आपल्याच कुलपाची आहे, हे यावरून कळतं.

या युक्त्या किती मोलाच्या आहेत याचा एक उलटा पुरावा आहे, आणि तो सांगितल्यावाचून मला पुढे जाववत नाही. संशोधकांनी याच हर्पीस विषाणूतून आयसीपी-४७ आणि आयसीपी-३४.५ ही दोन जनुकं काढून टाकली आणि प्रतिकारपेशींना साद घालणारं एक मानवी जनुक त्यात घातलं. दुसरं काढलेलं जनुक संसर्ग झालेल्या पेशीला प्रथिननिर्मिती बंद करू देत नाही. ते नसलं की हा विषाणू निरोगी पेशीत फारसा तग धरत नाही, कर्करोगाच्या पेशीत मात्र वाढतो आणि तिला फोडतो. मेलानोमा या त्वचेच्या कर्करोगाच्या गाठीत टोचायचं औषध म्हणून २०१५ साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. लपायची साधनं काढून घेतल्यावर तोच विषाणू रुग्णाच्या बाजूने लढतो.

तुमच्या मनात येईल, पृष्ठभागावर काहीच मांडलेलं नाही हेच संशयास्पद नाही का? अगदी बरोबर. शरीराकडे नैसर्गिक मारक पेशी आहेत, त्या नेमकं हेच तपासतात: ज्या पेशीच्या दारावर एमएचसी दिसत नाहीत, तिला मारायचं. इथे सायटोमेगॅलो विषाणूने जे केलंय ते बघून मी दरवर्षी वर्गात थोडी थांबते. त्याची यूएस-२ आणि यूएस-११ ही प्रथिनं नवे बनलेले एमएचसी रेणू जालिकेतून मागे ओढून मोडीत काढतात. मग मारक पेशी येणार, म्हणून यूएल-१८ हे एमएचसीसारखंच दिसणारं तोतया प्रथिन दारावर उभं राहतं. पेशीवर ताण आला की ती जी संकटाची निशाणी बाहेर लावते, ती आतच दाबून ठेवायला यूएल-१६ आहे. आपल्या शरीराने एक कुलूप लावलं की याच्याकडे त्याची किल्ली, असं लाखो वर्षं चालत आलंय. एप्स्टीन-बारने तर आपल्याच ब-पेशींमध्ये घर केलंय, म्हणजे ज्या पेशींच्या वंशात प्रतिपिंडं तयार होतात त्यांच्यातच. आणि तिथे त्याला जे एक प्रथिन बनवावंच लागतं, त्यात ग्लायसीन-अ‍ॅलानीनची अशी लांबलचक आवर्तनं आहेत की त्याचे तुकडे पृष्ठभागावर फारसे पोचत नाहीत.

पण एवढ्या युक्त्या असूनही तुमच्या ओठावरची लढाई विषाणूच हरतो, हे विसरू नका. आठ-दहा दिवसांत पुळी सुकते, कातडी पूर्ववत होते. ते काम तुमच्याच टी-पेशींनी केलेलं असतं. या युक्त्यांनी विषाणूला मिळतात ते फक्त काही दिवस. तेवढ्यात त्याला एक काम उरकायचं असतं: चेतातंतूत शिरायचं.

ओठाच्या कातडीत संवेदना नेणारे चेतातंतू येऊन संपतात. डबी त्यातल्या एकात घुसते आणि उलट दिशेने, कानाच्या पुढे कवटीच्या तळाशी असलेल्या चेतापेशींच्या गुच्छापर्यंत जाते. त्याला ट्रायजेमिनल गँग्लियन म्हणतात. पेशीच्या मानाने हा प्रवास प्रचंड लांबचा. कातडीच्या पेशीत विषाणूची जनुकं चालू करणारं व्हीपी-१६ हे प्रथिन डबीसोबतच पोचलेलं असतं. चेतापेशीत ते वाटेतच मागे पडतं, असं मानलं जातं. मग डीएनए केंद्रकात शिरतो खरा, पण त्याला चेतवणारं कुणी नसतं. पेशी त्याला हिस्टोन प्रथिनांवर गुंडाळून टाकते. तो वर्तुळ होऊन पडून राहतो. त्याच्यातून एक विशिष्ट आरएनए तेवढा बनत राहतो, प्रथिन जवळजवळ काहीच नाही. आणि जिथे प्रथिनच बनत नाही, तिथे पेशी पृष्ठभागावर मांडणार काय? आतापर्यंत सांगितलेल्या सगळ्या युक्त्या मागे पडतील अशी ही शेवटची: काहीच न करणं. रक्तातल्या तुमच्या प्रतिपिंडांना तो दिसत नाही, कारण दिसण्यासारखं काही नसतं. चेतापेशींच्या गुच्छात हा विषाणू राहत असावा हा विचार अमेरिकेतल्या अर्नेस्ट गुडपाश्चर यांनी १९२९ साली मांडला होता. उंदरांच्या गुच्छात तो सुप्त असल्याचं प्रत्यक्ष दाखवायला १९७१ साल उजाडलं.

जर ठरलेल्या जागी का येतो, याचं उत्तरही इथेच आहे. त्या चेतापेशीचा तंतू ओठाच्या उजव्या कोपऱ्यातच उतरतो. विषाणू आला त्याच वाटेने खाली येतो. बाबांची नागीण कमरेला अर्धा वेढा घालून मध्यरेषेवर थांबली असेल, तीही यामुळेच. मणक्याजवळच्या एका बाजूच्या गुच्छातून निघणारे तंतू शरीराची तेवढीच अर्धी पट्टी सांभाळतात.

आता तुमच्या मूळ शंकेकडे येते. त्या गुच्छात शरीर हात टेकून बसलंय का? मुळीच नाही. सुप्त विषाणू असलेल्या चेतापेशींभोवती टी-पेशी वर्षानुवर्षं तळ ठोकून असतात. त्या तिथे काय करतात हे उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं, आणि ते कळलं तेव्हा मला या विषयाची नव्याने ओढ लागली. एरवी टी-पेशी संशयित पेशीत ग्रॅन्झाइम नावाची विकरं (एन्झाइमं) सोडते आणि ती पेशी मरते. चेतापेशीच्या बाबतीत तसं केलं, तर विषाणू जाईल पण चेतापेशीही जाईल, आणि ती परत उगवत नाही. दर वेळी असं झालं तर ओठाची संवेदना हळूहळू कायमची जाईल. म्हणून तिथे टी-पेशी तीच ग्रॅन्झाइमं सोडतात, पण ती विषाणूचं डोकं वर काढू बघणारं आयसीपी-४ हे प्रथिन तोडतात आणि चेतापेशी जिवंत राहते. विषाणू पुन्हा निजतो. तुम्हाला कळतही नाही. असं किती वेळा होत असेल! वर्षातून तीन-चारदा पहारा चुकवून तो ओठापर्यंत पोचतो, तेवढंच तुम्हाला दिसतं. बाकीच्या दिवसांचं काम दिसत नाही, म्हणून आपण प्रतिकारशक्तीला कमजोर म्हणतो.

हा आपसातला तोल किती जुना आणि नेमका आहे ते परक्या विषाणूवरून समजतं. मॅकाक माकडांत बी-विषाणू नावाचा हर्पीस असतो. त्यांना त्याचा त्रास आपल्या जराइतकाच. तोच माणसाला चावा-ओरखड्यातून लागला, तर मेंदूला सूज येते आणि उपचार न मिळालेली बहुतेक माणसं दगावली आहेत. आपला हर्पीस आपल्याशी इतका जुळवून घेऊन राहतो, कारण आपण जगलो तर तोही राहतो.

मग चूर्णं आणि गोळ्या? ताई, त्या बंद करा, आणि पैसे गेले म्हणून स्वतःला बोल लावू नका. गुच्छात निजलेल्या विषाणूपर्यंत पोचणारं कुठलंही चूर्ण, गोळी किंवा जीवनसत्त्व नाही. लायसिन या अमिनो आम्लाच्या गोळ्यांचाही ठोस फायदा चाचण्यांत दिसलेला नाही. शिवाय ‘प्रतिकारशक्ती वाढवायची’ म्हणजे नेमकं काय वाढवायचं? इंटरल्यूकिन-१ हा प्रतिकारयंत्रणेचाच एक संदेश, ताप आणि ताण असताना वाढणारा. उंदरांच्या चेतापेशींना तो दीर्घकाळ दिला तर त्या उत्तेजित होतात आणि निजलेला हर्पीस जागा होतो, असं प्रयोगांत दिसलंय. ताप आला की ओठावर फुटतं, म्हणून तर ज्वराचाच ‘जर’ झाला. ताप, कडक ऊन, जागरणं, पाळीचे दिवस, दातांचं मोठं काम, यांपैकी तुमचं निमित्त कोणतं ते तुम्हीच शोधू शकता. ऊन असेल तर ओठांना सनस्क्रीन असलेला बाम लावून बघा.

प्रतिकारशक्तीची तपासणी केव्हा करावी, तेही सांगते. जर महिन्याआड येतोय, दोन-तीन आठवडे बरा होत नाही, तोंडाबाहेर पसरतोय, किंवा वजन घटणं, वारंवार इतर संसर्ग होणं असं सोबत काही आहे, तर डॉक्टरांना जरूर विचारा. तुम्ही लिहिलंय त्यात असं काहीच नाही.

औषध आहे आणि चांगलं आहे. असायक्लोव्हिर. ते ज्या चमूने घडवलं त्याच्या प्रमुख गर्ट्रूड एलियन यांना १९८८ साली नोबेल मिळालं. या औषधाची रीत मला फार आवडते. गोळीतला रेणू निद्रिस्त असतो. त्याला पहिला फॉस्फेट जोडून जागं करायचं काम मुख्यतः विषाणूचं स्वतःचं थायमिडीन कायनेज हे विकर करतं. म्हणजे जिथे विषाणू कामाला लागलाय त्याच पेशीत औषध जागं होतं, डीएनएच्या नव्या साखळीत जाऊन बसतं आणि साखळी तिथेच संपते. बाकी पेशींना फारसा धक्का नाही. आणि म्हणूनच दोन गोष्टी आपोआप कळतात. निजलेल्या विषाणूवर ते चालत नाही, कारण तिथे ते विकरच नसतं. त्यामुळे हर्पीस मुळासकट जात नाही. आणि ते घ्यायचं तर चुणचुण सुरू होताच. पुळ्या भरून आल्यावर विषाणूचं बरंचसं काम उरकलेलं असतं, मग गोळीला हाती लागायला फार काही उरत नाही. डॉक्टरांकडून आत्ताच, ओठ स्वच्छ असतानाच, मात्रा लिहून घ्या आणि गोळ्या घरात ठेवा. मूत्रपिंडाचा त्रास किंवा गर्भारपण असेल तर ते त्यांना आधी सांगा.

एका बाबतीत हलगर्जी नको. पुळीला लागलेलं बोट डोळ्याला लावू नका. एका डोळ्यात लाली, खुपणं, उजेड सहन न होणं असं झालं तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ, आणि घरात पडून असलेले स्टेरॉइडचे थेंब अजिबात नाहीत. हा विषाणू बुबुळावर आला आणि त्यावर नुसतं स्टेरॉइड पडलं, तर तो पसरतो आणि बुबुळावर कायमचा डाग राहू शकतो. ताप, तीव्र डोकेदुखी आणि वागण्या-बोलण्यात गोंधळ असं एकत्र दिसलं तर ते मेंदूच्या दाहाचं लक्षण असू शकतं. ते क्वचितच होतं, पण तिथे एक-एक तास मोलाचा असतो.

बाबांसाठी. वय वाढत जातं तसा कांजिण्यांच्या विषाणूवरचा टी-पेशींचा पहारा विरळ होतो, म्हणून नागीण उतारवयात जास्त. पण त्याच्यावर लस आहे. त्या विषाणूचं एकच प्रथिन, ग्लायकोप्रोटीन-ई, घेऊन ती बनवली आहे. प्रतिपिंडाची शेपूट धरणाऱ्या जोडीतलंच ते प्रथिन! ५० वर्षांवरच्या लोकांच्या मोठ्या चाचणीत तिच्या २ मात्रांनी ९० टक्क्यांहून अधिक संरक्षण दिलं. एकदा नागीण होऊन गेली असली तरी घेता येते. केव्हा घ्यायची ते बाबांच्या डॉक्टरांना विचारा. ओठावरच्या हर्पीसवर मात्र अजून मान्यताप्राप्त लस नाही.

आणि आजपासून एक छोटी वही करा. चुणचुण कधी सुरू झाली, त्याआधीच्या तीन दिवसांत काय झालं होतं, गोळी किती तासांनी घेतली, खपली कधी पडली, एवढंच लिहायचं. चारेक वेळा लिहून झालं की ती वही डॉक्टरांना दाखवा. वर्षातून सहा किंवा जास्त वेळा जर येऊ लागला, तर रोज थोडं औषध घेऊन तो रोखून धरायचा का, हे त्या नोंदींवरूनच ठरवता येईल. यजमानांना हे उत्तर वाचायला द्या, आणि आज ओठ स्वच्छ असेल तर हात धुऊन बहिणीकडे जा.